वागळेचं ड्रिल मशीन, ऐरोलीचं घर

जुनं ड्रिल मशीन बघायला गेलेला माणूस सहसा एकच करतो. चक, म्हणजे ड्रिल पकडणारा जबडा, हाताने फिरवतो आणि तो मऊ फिरला की म्हणतो, "मस्त आहे." त्यावरून काहीच कळत नाही. बेअरिंग कितीही झिजलेलं असो, आत भरपूर ग्रीस असलं की ते मऊच फिरतं. मी आधी हँडल ओढून क्विल पूर्ण खाली आणते. क्विल म्हणजे ज्या जाड नळीत स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, बसलेला असतो ती. मग चक मुठीत धरून आडवा हलवून बघते, नंतर वर-खाली रेटून बघते. वर-खाली हलला तर खालचं थ्रस्ट बेअरिंग गेलंय किंवा वरचा नट सैल आहे. आडवा हलला तर एक तर बेअरिंग गेलंय, नाहीतर हेडचं, म्हणजे क्विल ज्यात सरकते त्या वरच्या भागाचं, भोक झिजलंय. या दोन्हींत फार फरक आहे. बेअरिंग बाजारात मिळतं, झिजलेल्या हेडचं भोक मिळत नाही.

वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात मी हेच केलं. क्विल थोडी हलत होती, पण हेडच्या पुढच्या बाजूला उभी चीर होती आणि तिच्यात आवळायचा बोल्ट होता, तोही वरच्या रंगाच्या थरांखाली गाडला गेलेला. म्हणजे मशीन बनवणाऱ्याने झीज भरून काढायची सोय आधीच करून ठेवली होती आणि ती नंतर कुणी वापरलीच नव्हती. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे मशीन घरी न्यायचं.

गाळा बंद होत होता. मालक काकांना मी बरीच वर्षं ओळखते. मी रबाळ्याच्या ज्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला होते, तिथलं काही जॉबवर्क त्यांच्याकडे जायचं. लेथ आणि पॉवर हॅक्सॉ आधीच गेले होते. ड्रिल मशीन भंगारवाला किलोवर नेणार होता.

"काका, हे मी नेऊ?"

"अगं, घरी काय करणार तू त्याचं? मोटर थ्री फेज आहे. चालायचं पण नाही."

"बघते ना मी."

"ने मग. भंगाराचा भाव दे, वर एक रुपया नको."

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. आता तिथल्या रस्त्यांवरून जाताना काचेच्या इमारती दिसतात. मधेच एखाद्या गाळ्यातून अजून प्रेसचा ठोका ऐकू येतो. गाळे बंद होतात ते समजू शकते. जागेचे भाव, पुढच्या पिढीचे वेगळे व्यवसाय, सगळं समजू शकते. पण चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भट्टीत जाताना बघवत नाही. ओतीव बीड नवं असताना त्याच्या आत ताण असतात. पूर्वी चांगले कारखाने ओतकाम केलेले भाग मशीनिंगच्या आधी कित्येक महिने उघड्यावर ठेवून द्यायचे, ते ताण निघून जावेत म्हणून. चाळीस-पन्नास वर्षं गाळ्यात उभ्या राहिलेल्या बेसला आता वाकायचं काही कारण उरलेलं नसतं. असा सरळ, शांत बेस वितळवून त्याचं मॅनहोलचं झाकण करायचं, हे मला पटत नाही. म्हणून हा एवढा लांब लेख.

मशीन आहे बेंच टाइप, १३ मिमी क्षमतेचं. कंपनीची पाटी कुणीतरी कधीच काढून टाकलेली, रिबेटची दोन भोकं तेवढी शिल्लक. अशी मशीनं बटाला, लुधियाना, राजकोट इथे खूप बनायची, हे त्यातलं कुठलं ते पाटीशिवाय सांगता येत नाही. नेताना मी त्याचे तुकडे केले. मोटर वेगळी, हेड वेगळं, कॉलम, टेबल, बेस. अख्खं उचलायला गेलं की वजन सगळं वरच्या बाजूला असतं आणि ते कधी कलंडेल सांगता येत नाही. छोटा हत्ती ठरवला, ड्रायव्हरदादांनी जुन्या गाद्या आणल्या होत्या, कळवा नाक्यावरून ऐरोलीला आणलं. आमचं सिडकोचं रो-हाऊस आहे. खालची मागची खोली माझी.

एक सांगते. मशीन सोडवायच्या आधी, गाळ्यात उभं असतानाच मी त्यावर डायल, म्हणजे बारीकशी हालचालही मोजणारा काट्याचा गेज, लावला होता. जुनं मशीन मिळालं की लोक त्याच संध्याकाळी पाना घेऊन बसतात. सगळं खोलून, रंगवून, नवी बेअरिंगं टाकून परत जोडतात आणि मग भोक तिरकं का येतंय ते शोधत बसतात. आधी काय होतं तेच लिहिलेलं नसेल तर सुधारलं काय, हे कसं कळणार? इन्स्पेक्शनमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं होतं: आधी मोजायचं, मग हात लावायचा.

तर मोजमाप. चकमध्ये एक ग्राउंड पिन धरली, मॅग्नेटिक स्टँड टेबलावर ठेवला, डायलचं टोक पिनला टेकवलं आणि पुली हाताने सावकाश फिरवली. काटा ०.२२ मिमी हलला. हे खूप आहे. अशा मशीनवर ३ मिमीचं ड्रिल पंचाच्या खुणेवर बसतच नाही, खुणेभोवती नाचतं. पण ०.२२ हा आकडा नुसता घेऊन उपयोग नाही. दोष स्पिंडलचा की चकचा, ते कळायला हवं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. काटा जिथे सर्वांत पुढे जातो तिथे स्पिंडलवर आणि चकवर मार्करने एक सलग रेघ मारायची. मग चक त्याच्या आर्बरसकट, म्हणजे चकला स्पिंडलमध्ये बसवणाऱ्या दांड्यासकट, काढायचा, अर्धा फेरा फिरवून परत बसवायचा आणि पुन्हा मोजायचं. उंचवटा चकच्या रेघेबरोबर फिरून पलीकडे गेला तर दोष चकचा. स्पिंडलच्या रेघेपाशीच राहिला तर स्पिंडलचा. माझ्याकडे दुसऱ्यांदा काटा ०.१० वर आला आणि उंचवटा चकबरोबर गेला. म्हणजे दोष दोघांतही होता, आधी दोन्ही एकाच बाजूला ओढत होते, आता एकमेकांना कापत होते, आणि त्यात चकचा वाटा मोठा. नंतर चक काढून स्पिंडलच्या टेपरमध्ये, म्हणजे आर्बर बसतो त्या निमुळत्या भोकात, आतून डायल लावला तेव्हा तिथे ०.०६ मिळाले. गणित जुळलं. चक आणि आर्बर बदलायचे आणि स्पिंडलची बेअरिंगं बघायची, हे खोलायच्या आधीच पक्कं झालं.

हा टेपर मोर्स टेपर आहे, २ नंबरचा. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६०च्या दशकात हे टेपर रूढ केले आणि आपल्या पिरगळलेल्या खाचांच्या ड्रिलचं पेटंटही त्याचंच, १८६३चं. २ नंबरच्या टेपरचं मोठं टोक १७.७८ मिमी असतं आणि उतार साधारण वीसास एक. उतार इतका कमी असल्यामुळे आर्बर नुसता वर दाबला तरी घट्ट पकडतो, बोल्ट लागत नाही. पण ही पकड दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकले तरच मिळते. मी नव्या आर्बरवर निळ्या मार्किंग रंगाचा अगदी पातळ थर दिला, आत बसवला, किंचित फिरवून बाहेर काढला. निळा रंग फक्त खालच्या बाजूला पुसला गेला होता, वर तसाच. स्पिंडलच्या आत बोट फिरवल्यावर कारण लागलं: कधीतरी आर्बर आतल्या आत फिरला होता आणि त्याने एक ओरखडा उठवला होता, त्याची कड नखाला लागत होती. त्या कडेवर आर्बर अडत होता. एमटी-२चा, म्हणजे याच टेपरचा, फिनिशिंग रीमर (भोक आतून साफ करायचं हत्यार) हाताने, तेल लावून, एकाच दिशेने, अगदी हलक्या दाबाने फिरवला. धातू काढायचा नव्हता, फक्त वर आलेली कड काढायची होती. ओरखड्याची खाच आतमध्ये आहे तशीच आहे, तिचा त्रास नाही. पुन्हा निळा लावून बघितलं तेव्हा रंग वरपासून खालपर्यंत सारखा पुसला गेला.

खोलताना सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे क्विलला वर ओढणारी स्प्रिंग. हेडच्या डाव्या बाजूला एक गोल टोपी असते आणि तिच्या आत पोलादी पट्टीची गुंडाळी ताणून बसवलेली असते. नट काढून टोपी ओढली की ती पट्टी सुटते आणि बोटं कापते. मी चामड्याचे हातमोजे घालून, टोपी एका हाताने घट्ट धरून, खाचेतून सोडून थोडी थोडी उलटी फिरवत ताण संपवला. हातमोजे वापरायची ड्रिल मशीनवरची ही एकच वेळ. मशीन चालू असताना हातमोजे कधीच घालायचे नाहीत. कापड फिरत्या ड्रिलला लागलं की हातासकट ओढलं जातं. माझ्यासारख्या साडी नेसणाऱ्या बायकांनी पदर खोचला तर पुरत नाही, मी वरून एप्रन बांधते. केसांचा घट्ट अंबाडा आणि हातात बांगड्या नाहीत. लेकीलाही हाच नियम, तिची ओढणी आधी खुंटीला, मग ती खोलीत.

गंजाबद्दल. ठाणे खाडी रोहित पक्ष्यांची आहे, २०२२ साली तिला रामसर दर्जा मिळाला, आणि ऐरोलीत राहते याचा मला त्यासाठी अभिमान आहे. पण खाडीच्या हवेत मीठ असतं, मीठ ओलावा धरून ठेवतं आणि उघड्या लोखंडावर इथे पावसाळ्यात बघता बघता तपकिरी झाक येते. म्हणून गंज काढणं हे अर्धंच काम. काढल्यावर लगेच काय करायचं ते आधी तयार ठेवावं लागतं.

छोट्या भागांसाठी, म्हणजे हँडलचे दांडे, नट, टेबलाचा क्लॅम्प वगैरेंसाठी, मी बादलीत वीज वापरली. प्लॅस्टिकची बादली, पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, एखादा टाकाऊ सळईचा तुकडा धन टोकाला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. सळईच्या समोर असलेला गंज आधी सुटतो, म्हणून मधेमधे भाग फिरवावा लागतो. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून हे काम मी गच्चीवर केलं, खोलीत नाही. ती ताणाची स्प्रिंग मात्र मी यात टाकली नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतं. ती रॉकेलने आणि ब्रशने साफ केली. बादलीतून निघालेला भाग काळा दिसतो, ब्रशखाली तो काळा थर निघून जातो. मग गरम पाण्याने धुवायचा, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने सुकतो, आणि हात भाजणार नाही इतपत गरम असतानाच तेल. ऑगस्टमध्ये इथे तेलाची बाटली शोधायला खाली जाऊन आलं तरी उशीर झालेला असतो.

कॉलम आणि टेबल बादलीत मावत नाहीत. तिथे रॉकेल, पितळी ब्रश आणि शेवटी बारीक एमरी पेपर, तोही कॉलमच्या गोलाईने फिरवत.

टेबलावर ड्रिलने पडलेले खड्डे होते, चंद्राच्या पृष्ठभागासारखे. ते भरून घे, असं मला तिघा-चौघांनी सांगितलं. मी भरले नाहीत. टेबलाची सपाटी ठरते ती सर्वांत उंच बिंदूंवरून. खड्डा खाली असतो, जॉब त्यावर टेकतच नाही. त्रास देते ती खड्ड्याभोवती उठलेली कड. ती मी सपाट ऑइल स्टोनने तेल लावून घासून काढली, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. भरलेले खड्डे दिसायला बरे दिसतात, पण उन्हाळा-पावसाळ्यात भराव वर आला तर तो टेबलाची सपाटीच बिघडवतो. ज्यांना मशीन शोकेसमध्ये ठेवायचं असेल त्यांनी खुशाल भरावे.

बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून आणली. स्पिंडलच्या खाली ५११०४ थ्रस्ट बेअरिंग, कारण भोक पाडताना सगळा दाब खालून वर येतो आणि तो यानेच पेलायचा असतो. त्याच्यावर ६२०४. हे नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेले असतात. नंबर पुसला गेला असला तरी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजली की दुकानदार नंबर सांगतो. ६२०४ म्हणजे २० बाय ४७ बाय १४ मिमी. बाजारात नामवंत कंपन्यांच्या नावाची नकली बेअरिंगं भरपूर आहेत, म्हणून मी अधिकृत वितरकाकडूनच, बिलासकट घेते. बसवताना एकच नियम: जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच दाब द्यायचा. शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या भोकात, बसवताना बाहेरच्या रिंगवर. दुसऱ्याच रिंगवर ठोकलं तर तो ठोका गोळ्यांमधून जातो, गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

सगळं जोडल्यावर टेपरच्या आत ०.०२. नव्या चकमध्ये पिन धरून ०.०५. हेडच्या चिरेतला तो बोल्ट साफ करून, क्विल हाताने सहज सरकेल पण आडवी हलणार नाही इतपत आवळला, तेव्हा पूर्ण बाहेर काढलेली क्विलही शांत झाली. घरच्या कामाला मला याहून जास्त नको.

मग टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का, ते बघितलं. चकमध्ये वाकवलेला दांडा धरायचा, त्याच्या टोकाला डायल, आणि स्पिंडल हाताने फिरवून डायल टेबलावर गोल फिरवायचा. डावी-उजवीकडचा फरक टेबल तिरपं करायच्या बोल्टने काढला. पुढे-मागे थोडा फरक उरला, पुढची कड किंचित खाली होती. हे अशा टेबलांत नेहमी दिसतं, कारण टेबल एका बाजूने कॉलमला लटकलेलं असतं. ब्रॅकेट आणि टेबल यांच्या मधे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, टाकून तो काढला.

आता मोटर. काका म्हणाले ते खरं होतं. अर्धा एचपी, ४१५ व्होल्ट, थ्री फेज, १४४० आरपीएम. पुष्कळ जण इथे मोटर फेकून सिंगल फेजची नवी लावतात आणि ते चुकीचं नाही. पण मी आधी टर्मिनल बॉक्स उघडला. आत सहा तारा होत्या आणि त्या स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र करून, जोडलेल्या होत्या. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ भागिले १.७३, म्हणजे साधारण २४० व्होल्ट मिळतात. मग तीच वाइंडिंग डेल्टामध्ये, म्हणजे त्रिकोणात, जोडली आणि २३० व्होल्टची थ्री फेज दिली तर तिला जवळपास तितकेच व्होल्ट मिळणार. घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारं यंत्र, नेमकी तीच थ्री फेज देतो. करंट मात्र पाटीवरच्या आकड्याच्या १.७३ पट धरायचा आणि व्हीएफडी त्या हिशेबाने घ्यायचा. रिवाइंडिंगवाल्या दादांकडे नेऊन आधी मेगरने इन्सुलेशन तपासून घेतलं, मोटर वाळवून घेतली, मोटरची दोन्ही बेअरिंगं बदलली. आमच्याकडे थ्री फेज नाही म्हणून मशीन भंगारात, हे कारण आता चालणार नाही.

व्हीएफडी आणि मोटर यांच्या मधे स्विच लावायचा नाही, चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करायचं. मी पुश बटणं अशी जोडली आहेत की लाइट जाऊन आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. लाल बटण मोठं आणि गुडघ्याने दाबता येईल अशा जागी. अर्थिंग नीट करून घेतलं.

व्हीएफडी आला म्हणजे पुलीवरचा पट्टा सरकवायची कटकट गेली, असं समजू नका. फ्रिक्वेन्सी कमी केली की मोटरची ताकदही त्याच प्रमाणात कमी होते आणि मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने तो मंदावतो, मोटर तापते. मोठं ड्रिल सावकाश फिरवायचं असेल तर पट्टाच बदलायचा, तिथे मोटर पूर्ण वेगाने फिरते आणि पुली जोर वाढवते. मोटरवर ६० मिमीची पायरी आणि स्पिंडलवर १५० मिमीची, म्हणजे १४४० गुणिले ६० भागिले १५०, ५७६ आरपीएम. साध्या लोखंडात एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला मिनिटाला २५ मीटरचा वेग धरला तर १३ मिमीला साधारण ६००, १० मिमीला ८००, ६ मिमीला १३०० आरपीएम लागतात. हे आकडे मी पट्ट्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवले आहेत, पट्टा बदलताना समोरच दिसतात. जुना पट्टा बरीच वर्षं एकाच जागी ताणून राहिल्याने त्याला पुलीचाच बाक आला होता आणि तो फिरताना मशीन थरथरायचं. नवा ए सेक्शनचा घातला आणि थरथर थांबली.

रंगाला मी सर्वांत कमी वेळ दिला. वरून रुपेरी, खाली करडा, सर्वांत खाली फिकट हिरवा असे थर होते. जुन्या औद्योगिक रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली आली, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे कोरडा न घासता पाणी लावून खरवडला, मास्क लावून, आणि निघालेला गाळ वर्तमानपत्रात बांधून वेगळा ठेवला. रेड ऑक्साइड, मग दोन हात फिकट हिरवा इनॅमल. मशीनवर मुळात होता तोच.

पहिलं काम शेजारच्या काकूंच्या फाटकाचं आलं. ६ मिमीच्या पट्ट्यांत बिजागरीची भोकं. पट्टी वाइसमध्ये, वाइस टेबलाला बोल्टने. पत्र्याला किंवा पट्टीला हाताने धरून कधीच भोक पाडू नका. ड्रिल खालून बाहेर पडतानाच्या क्षणी ते अडकतं आणि पट्टी पात्यासारखी फिरते. कटिंग ऑइलचे थेंब टाकत गेले, कीस दोन्ही खाचांतून सारखा, लांब वळ्यांनी वर आला. दोन्ही धारा सारख्या कापतायत आणि ड्रिल मधोमध फिरतंय, हे त्या दोन सारख्या वळ्यांतून दिसतं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आवाजच नाही गं याचा." खूप बरं वाटलं.

एक काम राहिलं आहे. भोकाची खोली ठरवणारा जो आट्यांचा दांडा असतो, त्यावरचा नट गायब आहे. दांडा अर्ध्या इंचाचा, आट्यांचा गेज लावून बघितला तर इंचाला १२ आटे, म्हणजे बीएसडब्ल्यू, व्हिटवर्थचे, जुन्या ब्रिटिश मापाचे. आपल्याकडे वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६चा, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं मशीनं इंची आट्यांचीच बनत राहिली. इथे सांभाळायला हवं, कारण हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची नट मागितला तर कधी यूएनसीचा, म्हणजे अमेरिकी मापाचा, हातात पडतो. त्याला १३ आटे असतात. तो पहिले एक-दोन आटे जातो, मग अडतो, आणि पान्याने रेटला तर दांड्याचे आटे चिरडतात. दांड्यावर डाय फिरवून मेट्रिक करून घे, असंही एकाने सुचवलं. ते मी करणार नाही. दांडा ठीक आहे, त्याला त्याचा नट मिळायला हवा. रबाळ्यातल्या एका टर्नरने पितळेचा करून देतो म्हणून सांगितलंय. त्याच्याकडे अर्धा इंची बीएसडब्ल्यू टॅप अजून आहे. तोवर खोली मोजायला ड्रिललाच रंगीत टेप गुंडाळून काम चाललंय.

तुमच्या ओळखीत कुणाचा गाळा बंद होत असेल आणि कोपऱ्यात असं मशीन उभं असेल, तर भंगारवाला यायच्या आधी जाऊन क्विल खाली ओढून बघा. हेडला चीर आणि बोल्ट आहे का, कॉलम सरळ आहे का, टेबलाला तडा नाही ना, एवढंच बघा. चक, पट्टा, बेअरिंगं, मोटर यांच्याकडे बघून निर्णय घेऊ नका. डायल नसेल तर मला सांगा, ठाणे-ऐरोलीत कुठेही असेल तर मी घेऊन येते.